आराकानचे डोळे : एअर कमोडोर मेहेरसिंग

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी एखाद्या मराठी वैमानिकाचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा आमच्या मनात साहजिकच हृषीकेश मुळगावकर यांचे नाव आले. १९७६ ते १९७८ या काळात त्यांनी वायुसेनाध्यक्षपद भूषविले. त्याआधी १९४७-४८ च्या काश्मीर मोहिमेत श्रीनगर येथील विमानपथकाचे नेतृत्व करून त्यांनी महावीर चक्र मिळविले होते. कचेरी सुटल्यावर आम्ही टिपणे काढू लागलो. परंतु त्या मोहिमेची जी हकीकत उघडावी, तीत मुळगावकरांच्या वर आणखी एक अधिकारी उभा असे. पूंछला पहिले विमान कोणी उतरविले? मेहेरसिंग यांनी. लेहला कोणी? मेहेरसिंग यांनीच. हे मेहेरसिंग मोहिमेचे एक प्रमुख अधिकारी. ज्याने नकाशापुढे बसून हुकूम सोडावयाचे, तो मनुष्य प्रत्येक वेळी स्वतःच पुढच्या विमानात कसा, हा प्रश्न आम्हांस सुटेना. त्याचे उत्तर शोधता शोधता आम्ही ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवरील आराकानच्या जंगलापर्यंत मागे गेलो आणि मुळगावकरांची वही तशीच राहिली. संपादकांची त्याबद्दल क्षमा मागतो. मुळगावकरांवर लिहिणारे पुष्कळ आहेत व असावेत. मेहेरसिंग आमच्या घरांतून फारसे कोणास ठाऊक नाहीत.

त्यांचा जन्म २० मार्च १९१५ रोजी पश्चिम पंजाबातील लायलपूर जिल्ह्यात झाला. कालव्याच्या पाण्यावर पिकविलेला हा मुलूख. आज लायलपूरचे नाव फैसलाबाद आहे आणि ते पाकिस्तानात आहे. भारतीय वायुसेनेची स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ ची. त्या सुमारास भारतीय तरुणांना इंग्लंडमधील क्रॅनवेल येथील विद्यालयात वैमानिकाचे शिक्षण घेण्याची वाट नुकतीच खुली झाली होती, आणि निवड होई ती मोजक्यांची. मेहेरसिंग त्यांत निवडले गेले. १ ऑगस्ट १९३६ रोजी त्यांस अधिकारपद मिळाले व ते पहिल्या स्क्वाड्रनमध्ये रुजू झाले. वायुसेनेत त्या वेळी दुसरे स्क्वाड्रनच नव्हते. सहकारी त्यांस बाबा म्हणत, आणि हेच नाव शेवटपर्यंत टिकले.

पहिल्या स्क्वाड्रनकडे वापिती जातीची विमाने होती. दोन पंखी, उघड्या बैठकीची, ब्रिटिशांनी वापरून झालेली. दिल्लीस असताना पालमच्या संग्रहालयात आम्ही असे एक वापिती पाहिले होते. कापड ताणलेला तो सांगाडा पाहून, यात बसून मनुष्य वायव्य सरहद्दीच्या डोंगरांवर जात असे यावर आमच्या कुटुंबातील मुलांचा विश्वास बसेना. खरे सांगावयाचे तर आमचाही बसला नाही. मेहेरसिंग यांची पहिली तीन वर्षे बहुतांशी याच विमानावर, मिरानशाह व वझिरिस्तानच्या परिसरात गेली. इपीच्या फकिराने तेथे ब्रिटिश सत्तेविरुद्ध बंड पुकारले होते. डोंगरकड्यांवर बसलेले टोळीवाले कित्येकदा विमानापेक्षा उंचावर असत व वरून खाली बंदूक झाडीत. वैमानिकांजवळ स्थानिक भाषेत लिहिलेली एक हमीची चिठ्ठी दिलेली असे. या मनुष्यास इजा न करता परत आणून दिल्यास बक्षीस मिळेल, असा तिचा आशय. शाक्तू खोऱ्यात एकदा त्यांच्या विमानाच्या टाकीस गोळ्या लागल्या आणि खडकाळ जागी विमान कसेबसे टेकवावे लागले. त्यांनी व त्यांचे तोफची गुलाम अली यांनी रात्रीच्या अंधारात टोळीवाल्यांना चुकवीत, पायी चालून लष्कराचे ठाणे गाठले. एक शीख, एक मुसलमान, रात्रभर एकमेकांच्या आधाराने त्या दऱ्यांतून चालले असतील. दहा वर्षांनी त्यांच्या पंजाबात काय घडावयाचे होते हे ठाऊक असल्यामुळे आम्हांस ही हकीकत वाचताना क्षणभर थांबावे लागले.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता लिहिली पाहिजे. सरहद्दीवरील ही कामगिरी परक्या राज्याची होती, आणि ज्यांच्यावर बाँब पडत ते आपल्याच वेळच्या पारतंत्र्यातील लोक होते. पुढे १९४२ साली देशभर चले जावची हाक उठली, हजारो लोक तुरुंगात गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस मेहेरसिंग त्रिचनापल्लीस ब्रिटिश अमलाखालील वायुसेनेचे नवे स्क्वाड्रन उभारीत होते. आमच्या घरात या दोन्ही बाजू होत्या. आमचे एक चुलते भूमिगत, एक मामा पलटणीत. दोघे एकाच पंगतीस बसत आणि त्या विषयावर अवाक्षर काढीत नसत. त्यामुळे मेहेरसिंग यांच्या मनात त्या काळी काय होते याचा निवाडा करावयास आम्ही धजत नाही. एवढे मात्र खरे, की १९४७ साली या देशाला जी वायुसेना हाती आली, तिचे वैमानिक याच शाळेत तयार झालेले होते.

१ डिसेंबर १९४२ रोजी सहावे स्क्वाड्रन उभे राहिले. नायक मेहेरसिंग, वय सत्तावीस. विमाने हरिकेन.

हरिकेनविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. सिडनी कॅम यांनी आखलेले हे एकआसनी लढाऊ विमान १९३५ च्या नोव्हेंबरात प्रथम उडाले. १९४० साली इंग्लंडवरील हवाई संग्रामात नाव गाजले ते स्पिटफायरचे. परंतु त्या लढाईत हरिकेनची स्क्वाड्रने अधिक होती आणि शत्रूची अधिक विमानेही त्यांनीच पाडली. त्याची पाठ धातूच्या नळ्या, लाकूड व कापड यांची होती. गोळ्या आरपार जात, आणि ठिगळ लावून ते दुसऱ्या दिवशी पुन्हा उडे. सगळी मिळून चौदा हजारांवर हरिकेन बांधली गेली. परंतु दोन-तीन वर्षांत वेगवान विमाने निघाली आणि युरोपात हरिकेन मागे पडले. मागे पडलेली वस्तू पूर्वेकडे पाठवावी, हा त्या वेळचा रिवाज. भारतीय वायुसेनेच्या एका मागून एक स्क्वाड्रनांना ती मिळाली. अर्जनसिंग यांच्या नायकत्वाखालील पहिल्या स्क्वाड्रनने इंफाळच्या वेढ्यात याच विमानांवर काम केले. दुसऱ्या, चौथ्या, नवव्या व दहाव्या स्क्वाड्रननेही ब्रह्मदेशच्या आघाडीवर ती उडविली. काहींना पुढे स्पिटफायर मिळाली. सहाव्या स्क्वाड्रनने आपले सगळे नाव हरिकेनवरच कमाविले.

१९४३ च्या अखेरीस हे स्क्वाड्रन कॉक्स बाजारास, आराकानच्या आघाडीवर गेले. काम लढाईचे नव्हे, टेहळणीचे. अशा कामाच्या विमानांतून काही बंदुका काढून भार हलका करीत आणि कॅमेरे बसवीत. विमाने जोडीने निघत. जोडीतील पुढचा वैमानिक खाली जमिनीकडे पाही : झाडांखालची पायवाट, खाडीतील पडाव, नव्याने उकरलेली माती, चुलीचा धूर. मागचा वैमानिक जमिनीकडे मुळीच पाहत नसे. त्याची नजर आकाशात, शत्रूच्या विमानांवर. पुढच्याचा जीव मागच्याच्या नजरेवर अवलंबून असे. या जोड्यांना तेथे आराकानचे जुळे भाऊ म्हणत, आणि स्क्वाड्रनला चौदाव्या सेनेचे डोळे. जपानी सैनिक दिवसा जंगलात असे दडत, की शेजारून जावे तरी दिसू नयेत. त्यांस शोधावयाचे तर झाडांच्या शेंड्यांवरून उडावे लागे, आणि तेवढ्या उंचीवर साधी बंदूकही विमानास पुरे. वर जपान्यांची ऑस्कर विमाने. ती हरिकेनपेक्षा कितीतरी चपळ होती.

फेब्रुवारी १९४४ मध्ये जपान्यांनी आराकानमध्ये चढाई केली. सिंझवेया येथे भारतीय-ब्रिटिश सैन्य वेढले गेले. पूर्वी असे वेढले गेलेले सैन्य माघार घेई. या खेपेस ते जागच्या जागी राहिले, आणि डाकोटा विमाने वरून अन्न व दारूगोळा टाकीत राहिली. वेढ्याबाहेर शत्रू कोठे आहे हे सांगावयाचे काम हरिकेनचे. याच महिन्यात सहाव्या स्क्वाड्रनचे फ्लाइंग ऑफिसर जगदीशचंद्र वर्मा यांनी एक ऑस्कर पाडले. भारतीय वायुसेनेच्या वैमानिकाने शत्रूचे विमान हवेत पाडल्याचा हा पहिला प्रसंग. जुन्या, जड, टेहळणीच्या विमानातून तो घडला, म्हणून त्याचे मोल अधिक.

चौदाव्या सेनेचे सेनापती स्लिम यांनी युद्धानंतर लिहिलेल्या आपल्या ग्रंथात या स्क्वाड्रनची आठवण नोंदविली आहे. नाव दिलेले नाही. शीख स्क्वाड्रननायक एवढाच उल्लेख आहे, परंतु तो कोणाचा याविषयी शंका राहत नाही. स्लिम तळावर पोहोचले त्याच वेळी बातमी आली, की नुकतीच गेलेली जोडी ऑस्करांच्या घोळक्यात सापडली व पाडली गेली. काम अपुरे राहिले होते. मेहेरसिंग यांनी कोणास पाठविले नाही. पुढची फेरी स्वतः घेऊन ते त्याच भागावर गेले आणि ते काम पुरे केले. स्लिम यांनी आणखी एक गंमत लिहिली आहे. कोणी तरुण वैमानिक विमान वेडेवाकडे उतरवी, तर नायक त्यास बांबूच्या झोपडीमागे नेऊन चोप देत, अशी वदंता होती म्हणे. नियमपुस्तकात असली शिक्षा कोठे सापडणार नाही. पण स्क्वाड्रन आनंदी होते, तत्पर होते, शूर होते, असा सेनापतींचा अभिप्राय आहे.

या प्रसंगापाशी आम्ही फार वेळ थांबलो. आमच्या नोकरीत आम्ही बहुतेक पत्रे इतरांस कोठे तरी पाठविण्याचीच लिहिली. अमुक यांनी अमुक ठिकाणी अमुक तारखेस हजर व्हावे. सही करताना समोरच्या माणसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणण्याची सवय आम्हांस नव्हती. दोन मुलगे नुकतेच गेले आहेत, त्यांच्या घरी पत्र लिहावयाचे आहे, आणि त्याच आकाशात लगेच आणखी दोघे पाठवावयाचे आहेत, असा हुकूम काढण्याची पाळी मेहेरसिंग यांच्यावर आली होती. त्यांनी तो स्वतःवरच काढला. नायकाने असे करावे की न करावे, याविषयी लष्करी जाणकारांत दोन मते असू शकतील. नायक पडला तर स्क्वाड्रनचे काय, हा प्रश्न खोटा नाही. परंतु तळावर उभ्या असलेल्या वीस-बावीस वर्षांच्या मुलांनी ते विमान धावपट्टीवरून उठताना पाहिले असेल, आणि दुसऱ्या दिवशी आपले नाव फळ्यावर आल्यावर त्यांस काय वाटले असेल, हे आम्ही समजू शकतो.

१९४४ साली मेहेरसिंग यांस डी. एस. ओ. हा सन्मान मिळाला. दुसऱ्या महायुद्धात भारतीय वायुसेनेत तो मिळालेले ते एकटेच.

युद्ध संपले, स्वातंत्र्य आले आणि लायलपूर गेले. आपण दूरदेशी राहणारी माणसे गावाच्या आठवणीने हळवी होतो. पण मे महिन्यात तिकीट काढून आपण निदान तेथे जाऊ शकतो. मेहेरसिंग यांच्यासारख्या लक्षावधींना ते दार १९४७ च्या ऑगस्टात बंद झाले. दोनच महिन्यांनी काश्मीरवर आक्रमण झाले आणि २७ ऑक्टोबर रोजी डाकोटा विमानांनी शीख पलटण श्रीनगरला उतरविली. मेहेरसिंग या वेळी एअर कमोडोर होते आणि या मोहिमेतील हवाई दलाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर होती. वय बत्तीस.

पूंछ शहर नोव्हेंबरपासून वेढ्यात होते. ब्रिगेडियर प्रीतमसिंग यांच्या हाताखालील थोडे सैन्य आणि हजारो निर्वासित आत अडकले होते. धान्य संपत आले होते. सैनिकांनी व निर्वासितांनी मिळून, बायामाणसांनी डोक्यावरून माती वाहून, एक आखूड धावपट्टी तयार केली. तिच्या अवतीभवती ओढे, समोर डोंगर, आणि डोंगरावर शत्रू. डिसेंबर १९४७ मध्ये तीवर पहिले डाकोटा मेहेरसिंग यांनी उतरविले. त्या विमानात प्रवासी म्हणून वायुसेनेतील सर्वांत ज्येष्ठ भारतीय अधिकारी सुब्रोतो मुखर्जी हे होते. यातून इतर वैमानिकांस काय समजावयाचे ते समजले. मग विमानांची रांगच लागली : येताना धान्य, औषधे, दारूगोळा, जाताना जखमी व निर्वासित. पुढे मार्च १९४८ मध्ये शत्रूच्या तोफा धावपट्टीवर मारा करू लागल्या, तेव्हा भारतीय तोफाही विमानानेच पूंछला गेल्या. दिवसा उतरणे अवघड झाले, तर तेलाच्या दिव्यांच्या ओळींवर रात्री विमाने उतरली. आकाशातून जगविलेले हे शहर नोव्हेंबर १९४८ मध्ये वेढ्यातून सुटले. सिंझवेयाचा वेढा ज्याने वरून पाहिला होता, त्यास असे शहर जगविता येते हे कोणी शिकवावयास नको होते.

लेहची हकीकत याहून धाडसाची आहे, तरी ती आम्ही थोडक्यातच सांगतो. मे १९४८ मध्ये शत्रू लडाखात शिरला होता आणि लेहमध्ये सैन्य मूठभर. सोनम नोर्बू या लडाखी अभियंत्याने सिंधूच्या काठी वाळूवर धावपट्टी तयार केली, समुद्रसपाटीपासून दहा हजार फुटांहून उंच. त्या मार्गावर तोपर्यंत विमान गेलेले नव्हते. भरवशाचे नकाशे नव्हते. डाकोटाच्या आत हवेचा दाब राखण्याची सोय नव्हती. २४ मे रोजी मेहेरसिंग यांनी जनरल थिमय्यांना शेजारी घेतले, झोजीला व फोतुला या खिंडींवरून विमान नेले आणि लेहला उतरविले. वाळवंटी मुलखातील लोकांनी एवढे मोठे यंत्र आकाशातून आलेले प्रथमच पाहिले. त्यानंतरच्या दिवसांत सैन्य त्याच वाटेने आले आणि लेह वाचले.

त्याच वर्षाच्या सप्टेंबरात मेहेरसिंग यांनी राजीनामा दिला.

वरिष्ठांशी मतभेद झाले, एवढेच सामान्यतः लिहिलेले सापडते. मोहीम अजून चालू होती. पूंछचा वेढा उठावयास दोन महिने अवकाश होता. तेहतीस वर्षांचा, एअर कमोडोर पदाचा मनुष्य, ज्याच्यापुढे वायुसेनेतील कोणतेही पद अशक्य नव्हते, तो उठून निघून गेला. आम्ही तीस वर्षे सरकारी नोकरीत काढली. दोनदा आम्हीही राजीनाम्याचा मसुदा लिहिला होता. दोन्ही मसुदे खणात राहिले, कारण मुलांच्या शाळा होत्या, घरी म्हातारी माणसे होती. त्यामुळे मेहेरसिंग यांनी हे बरे केले असे म्हणावयास आमची जीभ रेटत नाही, आणि वाईट केले असे म्हणावयाचा आम्हांस अधिकार नाही. स्वतः पुढे जाणारा मनुष्य स्क्वाड्रनमध्ये शोभतो. पदे चढत गेली की त्याची खुर्ची मागे मागे सरकते. मागच्या खुर्चीत बसण्याचे कसब निराळे असते आणि सुब्रोतो मुखर्जींपाशी ते होते. ब्रिटिश सेनाध्यक्षांच्या हाताखाली त्यांनी धीराने वर्षे काढली आणि १९५४ साली ते पहिले भारतीय वायुसेनापती झाले. एकाच विमानातून पूंछला उतरलेले हे दोघे. वायुसेनेला दोघांचीही गरज होती. तिला दोघेही सांभाळता आले असते तर बरे झाले असते, असे मात्र वाटते.

त्यांच्या पराक्रमाबद्दल पुढे सरकारने त्यांस महावीर चक्र दिले. ते पतियाळाच्या महाराजांच्या सेवेत गेले, तेथे सल्लागार होते व विमानही चालवीत. १६ मार्च १९५२ च्या रात्री ते एका लहान बोनान्झा विमानातून जम्मूहून दिल्लीस येत होते. वाटेत वादळ उठले. दिल्लीच्या जवळ आल्यावर विमान कोसळले. सदतिसावा वाढदिवस चार दिवसांवर होता. जपान्यांच्या ऑस्करांना, वझिरिस्तानच्या बंदुकांना, पूंछच्या तोफांना जे साधले नाही, ते उत्तर हिंदुस्थानातल्या उन्हाळ्याच्या तोंडावरील एका वावटळीने केले.

पालमच्या त्याच संग्रहालयात आम्ही हरिकेनही पाहिले होते. वापितीपासून ते फार दूर नव्हते. त्या दिवशी मेहेरसिंग हे नाव आम्हांस ठाऊक नव्हते; मुलांना उपाहारगृहाची घाई झाली होती आणि आम्ही दोन्ही विमानांपुढून पाचेक मिनिटांत निघून गेलो.

२०१८ साली वायुसेनेने एक स्पर्धा जाहीर केली आणि तिला मेहेर बाबा असे नाव दिले. पूर, भूकंप अशा आपत्तींत मदत पोहोचविण्यासाठी थव्याने उडणारी, वैमानिकावाचून चालणारी लहान विमाने तयार करावीत, असा तिचा विषय होता. थव्यातील एखादे विमान पडले, तर दुसरे आपोआप त्याच्या जागी जावे अशी योजना त्यात असते. ही बातमी आमच्या धाकट्या मुलाने आम्हांस वाचून दाखविली आणि हे मेहेर बाबा कोण, असे विचारले. आम्ही त्यास प्रथम जुळ्या हरिकेनांची गोष्ट सांगितली.